पोस्टडॉकचा सातबारा

व्हायव्हा, म्हणजे पीएचडीची तोंडी परीक्षा, झाला की पेढे वाटले जातात, विभागात गाईडबरोबर फोटो निघतो, गावाकडे चौकात फ्लेक्स लागतो. आठ-दहा दिवसांनी मामांचा फोन येतो. "डॉक्टर झालास, छान झालं. आता नोकरी कधी?" आपण म्हणतो, "मामा, पोस्टडॉक करायचा विचार आहे." मामा थोडा वेळ गप्प. मग विचारतात, "म्हणजे अजून शिकायचंच का?"

या प्रश्नाचं नीट उत्तर पीएचडी करणाऱ्या मुलामुलींनाही अनेकदा देता येत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. सिनॉप्सिस, प्री-व्हायव्हा, थिसिसचं बाइंडिंग यातच शेवटचं वर्ष निघून जातं. पुढे काय, हे सांगायला कोणाला वेळ नसतो. व्हायव्हानंतर घाईघाईने पोर्टल उघडावं, तर जिच्यासाठी आपण पूर्ण पात्र होतो त्या फेलोशिपची तारीख तीन आठवड्यांपूर्वीच गेलेली असते. हे मी इतक्या जणांच्या बाबतीत पाहिलंय, की एकदा सगळं सलग लिहून काढावं असं वाटलं.

आधी मामांचा प्रश्न. पोस्टडॉकमध्ये परीक्षा नसते आणि शेवटी पदवीही मिळत नाही. पीएचडी करताना संशोधन कसं करायचं ते आपण शिकतो, पण विषय बहुतेक वेळा गाईडच्या कामातून आलेला असतो. पुढे प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ झालं की प्रश्न आपणच ठरवायचे, त्यासाठी पैसे आणायचे, लॅब उभी करायची, विद्यार्थी सांभाळायचे. या दोन्हींच्या मधला, साधारण दोन ते पाच वर्षांचा पगारी काळ म्हणजे पोस्टडॉक. आयआयटीत असिस्टंट प्रोफेसरच्या ग्रेड-१ या वरच्या पायरीसाठी पीएचडीनंतर किमान तीन वर्षांचा अनुभव मागतात. तो अनुभव बहुतेकांच्या बाबतीत पोस्टडॉकचाच असतो. मामांना सांगायचं तर, "शिकून झालं, आता स्वतःच्या नावावर काम उभं करायचंय."

ते "स्वतःच्या नावावर" शब्दशः घ्या, कारण सगळ्या गोष्टीची किल्ली तिथेच आहे.

पैसा कोणाच्या नावावर

पोस्टडॉकचा पैसा दोन वाटांनी येतो. पहिल्या वाटेत एखाद्या प्राध्यापकांना सरकारकडून किंवा कंपनीकडून प्रोजेक्ट मिळालेला असतो आणि त्यात माणूस घ्यायची सोय असते. ते जाहिरात काढतात, मुलाखत घेतात, तुम्हाला घेतात. प्रश्न त्यांचा, अहवाल त्यांचा, प्रोजेक्ट संपला की नोकरी संपली. आपल्याकडे याला रिसर्च असोसिएट किंवा नुसतं आरए म्हणतात. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०२३ मध्ये दर सुधारले, तेव्हा आरएच्या तीन पायऱ्यांना दरमहा ५८,०००, ६१,००० आणि ६७,००० रुपये ठरले. घरभाडं वेगळं.

दुसरी वाट फेलोशिपची. इथे प्रपोजल तुम्ही लिहिता, निवड तुमची होते आणि पैसा तुमच्या नावाने मंजूर होतो. ज्यांच्या लॅबमध्ये काम करायचं ते होस्ट. त्यांची संमती लागतेच, पण तुम्ही त्यांच्या प्रोजेक्टवरचे कर्मचारी नसता.

शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हा फरक लगेच कळतो. एक बटईची शेती, दुसरीचा सातबारा आपल्या नावावर. बटईत कमीपणा काही नाही. उत्तम प्राध्यापकांच्या चांगल्या प्रोजेक्टवर दोन वर्षं काम करून पुढे नाव काढलेले खूप जण आहेत, आणि पहिल्या वर्षी हातात पगार हवा असेल तर प्रोजेक्टची जागा सोडूही नये. पण फेलोशिपचं वजन वेगळं पडतं. निवड समितीला ती सीव्हीवर दिसली की कळतं, या माणसाने स्वतःचा प्रश्न मांडला आणि अनोळखी तज्ज्ञांनी तो पैसे देण्याजोगा मानला.

आणि पैसाच नसेल तर? हरगोविंद खुराणा यांनी १९४८ मध्ये लिव्हरपूलला पीएचडी संपवली आणि ते झुरिचला व्लादिमिर प्रेलॉग या रसायनशास्त्रज्ञांकडे गेले. तिथे त्यांना स्टायपेंड नव्हता. साठवलेल्या पैशांवर त्यांनी जवळजवळ वर्ष काढलं. १९४९ मध्ये ते भारतात आले, पण इथे जम बसला नाही आणि ते इंग्लंडला परतले. तिथे मात्र फेलोशिप मिळाली आणि केंब्रिजमध्ये केनर आणि टॉड या रसायनशास्त्रज्ञांबरोबर त्यांना काम करता आलं. प्रथिनं आणि न्यूक्लिइक आम्लं या विषयांची ओढ त्यांना त्या केंब्रिजच्या काळातच लागली. १९६८ चं नोबेल त्याच वाटेवरचं. प्रेलॉग यांच्याकडचं वर्ष वाया गेलं असं नाही, त्याचा आपल्या विचारांवर खोल ठसा उमटला असं खुराणा म्हणत. पण साठवलेल्या पैशांवर परदेशात वर्ष काढणं आज फार थोड्या घरांना झेपेल, आणि ते कोणाला करावं लागूही नये. फेलोशिप ही सोय त्यासाठीच आहे.

फॉर्मच्या आधी पत्र

जवळपास प्रत्येक फेलोशिपच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो: होस्ट कोण? तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जपानच्या जेएसपीएस फेलोशिपच्या मुख्य योजनेत तर उमेदवार स्वतः अर्जच करू शकत नाही. तिथले होस्ट प्राध्यापक आपल्या विद्यापीठामार्फत तुमच्या वतीने अर्ज करतात. थोडक्यात, फॉर्म ही शेवटची पायरी. पहिली पायरी एका अनोळखी माणसाला लिहिलेलं पत्र.

वेंकटरमण रामकृष्णन यांची पीएचडी भौतिकशास्त्रातली. मग जीवशास्त्राकडे वळायचं म्हणून त्यांनी पुन्हा विद्यार्थी होऊन दोन वर्षं घातली. त्या काळात त्यांच्या वाचनात एक लेख आला. न्यूट्रॉनचे झोत वापरून रायबोसोममधल्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या कारखान्यातल्या, प्रथिनांच्या जागा कशा शोधायच्या, याबद्दलचा. लिहिणारे होते येल विद्यापीठातले डॉन एंगेलमन आणि पीटर मूर. रामकृष्णन यांनी त्यांना पत्र लिहिलं आणि पुढे मूर यांच्याकडे पोस्टडॉक केलं. रायबोसोम त्यांच्या आयुष्यात आला तो तिथे. त्यानंतरही प्राध्यापकाच्या नोकरीसाठी केलेले जवळजवळ पन्नास अर्ज फुकट गेले. २००९ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते रायबोसोमच्या रचनेसाठीच. पत्र लिहिण्याआधी त्यांनी लेख वाचला होता, हे मला महत्त्वाचं वाटतं.

माझा एक ज्युनिअर आहे, लातूरकडचा, पॉलिमर केमिस्ट्रीचा. त्याने एका रात्रीत साठ प्राध्यापकांना एकच मेल पाठवला होता. सुरुवात 'रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम', पुढे 'आय ॲम हायली मोटिव्हेटेड', खाली चार पानी सीव्ही. एकाचंही उत्तर आलं नाही. महिनाभर वाट पाहून तो खचला. त्याला वाटलं, आपलं कॉलेज लहान, इंग्रजी कच्चं, आपल्याला कोण विचारणार?

मग एका संध्याकाळी मेसच्या टेबलावर आम्ही एकाच ग्रुपचा एकच पेपर घेऊन बसलो. पाणी गाळायच्या मेम्ब्रेनवर कालांतराने चिकट थर बसतो आणि पाणी झिरपायचं थांबतं, त्यावरचा पेपर होता. मी विचारलं, "यात तुझ्या ओळखीचं काय आहे?" त्याने एका आलेखावर बोट ठेवलं. पाण्यात कॅल्शियम वाढवलं की प्रवाह झपकन खाली येत होता. तो म्हणाला, "हे माझ्याकडेही आलं होतं. अल्जिनेट, म्हणजे समुद्री शेवाळातला चिकट पदार्थ, वापरला की कॅल्शियम त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकतं आणि थर घट्ट बसतो. मॅग्नेशियम घातलं की तसं होत नाही. थिसिसच्या पाचव्या प्रकरणात आहे, पण तिथे कोणी फार लक्ष दिलं नाही."

नवा मेल तोच झाला. गोषवारा असा: "तुमच्या पेपरमधल्या चौथ्या आकृतीत कॅल्शियममुळे प्रवाह घटताना दिसतो. माझ्या कोटिंगवरही तसंच दिसलं, मात्र कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम घेतल्यावर तो परिणाम फारच कमी होता. कोटिंगमधले, कॅल्शियम ज्यांना धरतं ते कार्बोक्झिलेट गट बदलले तर हा बंध तोडता येईल असं मला वाटतं. हे तुमच्या मेम्ब्रेनवर तपासायला आवडेल. माझी पीएचडी जूनमध्ये पूर्ण होईल. अमुक फेलोशिपसाठी तुम्ही होस्ट व्हाल का?" दहा ओळी आणि दोन पानी सीव्ही. असे सहा मेल त्याने पंधरा दिवसांत, एकेक पेपर वाचून पाठवले. तीन उत्तरं आली. एकाने नम्र नकार दिला, एकाने पैसे नाहीत पण फेलोशिप आणलीस तर ये म्हटलं, एकाने व्हिडिओ कॉलची वेळ दिली. इंग्रजी तेच होतं आणि कॉलेजही तेच.

मेल शनिवार-रविवारी पाठवू नये, दहा दिवसांनी एकदा आठवण करावी, सीव्हीत जन्मतारीख, वडिलांचं नाव आणि छंद नकोत, या बारीक गोष्टी कोणीही सांगेल. खरं काम वाचनाचं.

रेको

इथे मात्र मला काळजी वाटते. बहुतेक फेलोशिपना दोन-तीन शिफारसपत्रं, म्हणजेच रेको, लागतात आणि आपल्याकडे अजूनही अनेक ठिकाणी गाईड म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." मग विद्यार्थी स्वतःबद्दल संकोचाने लिहितो: मेहनती, प्रामाणिक, वागणूक उत्तम. परदेशातल्या परीक्षकाला अशा पत्रातून काहीच समजत नाही. त्याला हवं असतं ते असं: उपकरण चार महिने बंद पडलं तेव्हा या मुलीने जुन्या डेटावरून नवं विश्लेषण कसं काढलं, कोणता पेपर तिच्या कल्पनेतून आला, माझ्या आजवरच्या विद्यार्थ्यांत ती कुठे बसते.

गाईडकडे जाताना नुसती विनंती घेऊन जाऊ नका. एका पानावर आपण केलेल्या तीन ठोस गोष्टी, त्या कधी आणि कशा झाल्या, हे लिहून द्या आणि सांगा, "सर, यातलं तुम्हाला पटेल ते तुमच्या शब्दांत लिहाल का?" पत्र परीक्षकांकडे थेट जातं, तुम्हाला दिसत नाही, म्हणून ते लिहिणारा माणूस तुमचं काम जवळून पाहिलेला असू द्या. मोठ्या नावाच्या, पण तुम्हाला नीट न ओळखणाऱ्या माणसापेक्षा लॅबशेजारच्या ज्युनिअर प्राध्यापकाचं पत्र कामाला येतं.

वयाचा हिशेब, महिन्यांचा हिशेब

आता नियम. भारतातल्या आणि युरोपातल्या नियमांमध्ये एक मुळातला फरक आहे. आपल्याकडे जन्मतारखेपासून मोजतात, तिकडे पीएचडी मिळाल्यापासून.

आपल्याकडची सर्वांना खुली मोठी योजना म्हणजे नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिप, बोलीभाषेत एनपीडीएफ. ती आधी सर्ब ही संशोधनाला पैसे देणारी केंद्राची संस्था चालवायची. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं, २०२४ पासून सर्ब त्यात विलीन झाली आणि योजनाही तिकडे गेली. विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या सगळ्या शाखांना ती खुली आहे. मुदत दोन वर्षं, आणि आयुष्यात एकदाच मिळते. वयाची अट ३५ वर्षं, महिला, दिव्यांग आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सूट. सर्बच्या काळात दरमहा ५५,००० रुपये आणि घरभाडं, शिवाय संशोधनाच्या खर्चाला वर्षाला दोन लाख अशी रचना होती. थिसिस सादर झालाय पण पदवी हातात नाही, अशांनाही तेव्हा ३५,००० रुपयांवर सुरुवात करता यायची. आकडे बदलत राहतात, म्हणून चालू वर्षाची जाहिरात वाचूनच हिशेब मांडा.

वयाची अट मला अन्यायाची वाटते. एमएस्सीनंतर चार वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवून घर चालवलेला मुलगा, किंवा लग्न आणि बाळंतपणानंतर पीएचडीला आलेली मुलगी, यांची संशोधनातली उमेद पस्तिसाव्या वाढदिवसाला संपत नाही. महिलांसाठी केंद्राच्या वाईज-किरण कार्यक्रमात वेगळी पोस्टडॉक फेलोशिप आहे, ती यासाठीच जरूर पाहावी. खंड पडलेल्यांना तिथे जागा आहे.

युरोपची सर्वात मोठी योजना मेरी स्क्लोडोव्स्का-क्यूरी पोस्टडॉक्टरल फेलोशिप. तिला वयाची अट नाही. पीएचडीनंतर संशोधनाची आठ वर्षं उलटलेली नसावीत, आणि संशोधनाबाहेर घालवलेला काळ किंवा बाळंतपणाची रजा त्यातून वजा होते. युरोपात येऊन काम करायचं असेल तर कोणत्याही देशाचा नागरिक चालतो. पण एक नियम अनेकांना अडकवतो. अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही होस्टच्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत.

हे तारखा घालून पाहू. २०२५ ची शेवटची तारीख १० सप्टेंबर होती. तिथून ३६ महिने मागे गेलो की १० सप्टेंबर २०२२. समजा एखादी मुलगी ऑक्टोबर २०२३ ते डिसेंबर २०२४ अशी पंधरा महिने जर्मनीत होती. मग जर्मनीतला होस्ट कितीही उत्सुक असला तरी तिचा अर्ज बाद. तोच अर्ज तिने नेदरलँड्स किंवा डेन्मार्कच्या होस्टबरोबर केला तर मात्र पात्र, कारण नियम देशापुरता आहे. पासपोर्टवरचे शिक्के घेऊन बसा, कागदावर रेघ ओढा, महिने मोजा. आठवणीवर जाऊ नका.

या फेलोशिपचं मूल्यमापनही उघड आहे. शंभरातले पन्नास गुण प्रश्नाच्या आणि पद्धतीच्या दर्जाला, तीस परिणामांना, वीस अंमलबजावणीला. मुख्य प्रपोजल दहा पानांचं. आपली मुलं आठ पानं विज्ञान लिहितात आणि उरलेल्या दोन पानांत बाकी सगळं कोंबतात, म्हणजे निम्म्या गुणांवर पाणी सोडतात. कोणत्या महिन्यात काय होईल, प्रयोग फसला तर दुसरा मार्ग काय, या कामातून तुमची पुढची वाट कशी घडेल, हे सगळं गुणांचं आहे. स्पर्धा मोठी आहे. २०२४ मध्ये दहा हजारांवर अर्ज आले आणि १,६९६ जण निवडले गेले, म्हणजे साधारण सहांत एक. २०२५ मध्ये अर्जच सतरा हजारांच्या वर गेले. एकदा नाही मिळाली तर तुमच्यात काही कमी आहे असं समजू नका. परीक्षकांचा लेखी अभिप्राय मिळतो, तो पुढच्या अर्जात सोन्यासारखा उपयोगी पडतो.

एक सावधगिरी पैशांची. क्यूरीचा जाहीर केलेला मासिक आकडा मोठा दिसतो, पण ती संस्थेला तुमच्यासाठी मिळणारी रक्कम असते. ती देशाच्या महागाईप्रमाणे कमी-जास्त होते, त्यातून संस्थेचा सामाजिक सुरक्षेचा वाटा जातो, मग तुमचा कर. हातात किती येईल ते होस्ट संस्थेच्या एचआरला आधीच विचारा. विचारण्यात संकोच नको.

जर्मनीच्या हम्बोल्ट फेलोशिपचा बाज निराळा. पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत, सहा ते चोवीस महिने, आणि अर्जाला ठरलेली शेवटची तारीखच नाही. वर्षभर केव्हाही अर्ज करा. देशाचा किंवा विषयाचा कोटा नाही. पैसा पगार म्हणून न येता स्टायपेंड म्हणून येतो. कुटुंबासाठी भत्ता आहे, जर्मन शिकायचा वर्ग आहे, जोडीदारालाही. जर्मनीत राहिल्यामुळे क्यूरीला अडकलेल्या कोणालाही मी आधी हम्बोल्टचे नियम वाचायला सांगेन.

विषयागणिक रीती

प्रत्येक विषयाचं आपलं पंचांग असतं, आणि ते त्या विषयातल्याच सिनिअरकडून कळतं. जीवशास्त्रात एम्बो ही युरोपातली संस्था आणि ह्युमन फ्रंटिअर सायन्स प्रोग्रॅम ही दोन मोठी नावं. भारत २०१६ पासून एम्बोच्या व्यवस्थेत सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे वाटा उघड्या आहेत. ह्युमन फ्रंटिअरची एक फेलोशिप खास भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित किंवा अभियांत्रिकीतून जीवशास्त्राकडे येणाऱ्यांसाठी आहे. देश बदलायचा आणि कामाची दिशाही बदलायची, अशी तिची अपेक्षा. पीएचडीचाच विषय पुढे ओढणारा अर्ज तिथे टिकत नाही.

खगोलशास्त्राचं चक्र शिस्तीचं. बहुतेक जाहिराती अमेरिकन खगोलशास्त्रीय संस्थेच्या जॉब रजिस्टरवर येतात, अर्ज ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जातात, कामाची सुरुवात पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरच्या आसपास. उमेदवारावर १५ फेब्रुवारीआधी होकाराचा दबाव आणू नये, असा तिथला संकेत आहे. नासाच्या हबल फेलोशिप कार्यक्रमात तीन वर्षं मिळतात आणि परदेशी नागरिकही अर्ज करू शकतात. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि नारायणगावजवळची जीएमआरटी दुर्बीण चालवणारं एनसीआरए, दोन्हीकडे जगभरातून पोस्टडॉक येतात. पुण्याच्या मुलाने पोस्टडॉक म्हणजे परदेशच, असं धरून चालू नये.

अभियांत्रिकीत नावाच्या फेलोशिप थोड्या आणि प्रोजेक्टच्या जागा भरपूर. आयआयटी आपल्या पैशातून इन्स्टिट्यूट पोस्टडॉक घेतात, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या नावाची योजना आहे. क्यूरीत शेवटी सहा महिन्यांपर्यंत कंपनीत काम करायची सोय जोडता येते. इंजिनिअरने ती सोडू नये.

अमेरिकेत बहुतेक पोस्टडॉक प्रोफेसरांच्या ग्रँटवरच होतात. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने प्रशिक्षण फेलोशिपसाठी २०२४ मध्ये पहिल्या वर्षाचा स्टायपेंड ६१,००८ डॉलर ठेवला, आणि अनेक विद्यापीठं त्याच्याच आसपास पगार ठरवतात. बॉस्टनसारख्या शहरात त्यातला मोठा वाटा घरभाड्यात जातो. व्हिसा बहुधा जे-१ असतो आणि संशोधकाला त्यावर जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं. भारतीयांसाठीच्या फुलब्राइट-नेहरू पोस्टडॉकमध्ये मान मोठा, पण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट येते. त्या अटीत बसणारा बेत असेल तरच घ्या. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर सप्टेंबर २०२५ मध्ये एक लाख डॉलरचं शुल्क लागू झाल्यापासून तो मार्ग विद्यापीठांना जड झालाय.

परतीचं तिकीट

परदेशी जाताना भारतात परतायच्या योजनांच्या अटीही वहीत लिहून ठेवा, कारण त्यांची घड्याळं आपण तिकडे असतानाही चालू असतात. इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिप पाच वर्षांची, दरमहा १,२५,००० रुपये आणि वर्षाला सात लाखांचं संशोधन अनुदान, पण वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३२. दोन वर्षांचा पोस्टडॉक संपवून तेहतिसाव्या वर्षी तिच्याकडे पाहणारे मी पाहिलेत. परतणाऱ्यांसाठी रामानुजन फेलोशिप, जीवशास्त्र-जैवतंत्रज्ञानात रामलिंगस्वामी फेलोशिप, वैद्यकीय संशोधनात इंडिया अलायन्स असे पर्याय आहेत. त्यांत पैसा पुन्हा तुमच्या नावावर असतो.

भारतातली फेलोशिप घेणाऱ्यांनी एक तजवीज ठेवावी. पैसे मंजूर होणं आणि खात्यात येणं यांत अंतर पडू शकतं. माझ्या एका मित्राचे पाच महिने अडकले होते. खोलीचं भाडं बहिणीने भरलं आणि तो कोणाला सांगत नव्हता. चार-पाच महिन्यांचा खर्च बाजूला असेल तरच राहतं गाव सोडा, आणि अडकलात तर लाजू नका. होस्टना सांगा, संस्थेच्या अकाउंट्सला लेखी द्या.

आता उलटी मोजणी. व्हायव्हा जूनमध्ये अपेक्षित असेल तर आदल्या वर्षीच्या जूनमध्ये वाचन सुरू. पावसाळ्यात पेपर वाचून होस्टची यादी दहावर आणायची. दिवाळीच्या आगेमागे पहिले मेल. जानेवारीपर्यंत एखाद-दोन होस्ट तयार, मग त्यांच्याबरोबर प्रपोजलचे खर्डे, एकामागून एक. थिसिस परीक्षकांकडे किती महिने पडून राहील हे आपल्या हातात नसतं, म्हणून पदवी हातात नसताना कोणत्या कागदावर भागतं, प्रोव्हिजनल की व्हायव्हाचं नोटिफिकेशन, हे प्रत्येक फेलोशिपला आधीच विचारून ठेवा.

लातूरच्या त्या मुलाला हम्बोल्ट मिळाली. ज्यांनी पैसे नाहीत पण फेलोशिप आणलीस तर ये म्हटलं होतं, तेच त्याचे होस्ट. जाण्याआधी त्याने मला विचारलं, "अजून काही विचारू का त्यांना?" घर, विमा, लॅबमधल्या उपकरणांच्या वेळा हे सगळं विचारून झालं होतं. मी म्हटलं, एकच राहिलंय. परत येताना यातलं काय तुझ्याबरोबर येईल, ते आत्ताच विचार. त्याला हे उद्धटपणाचं वाटलं. दोन दिवस मेल तसाच ड्राफ्टमध्ये पडून होता. मग पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. मेम्ब्रेनचं काम ग्रुपकडे राहील, त्यांनी लिहिलं होतं. कॅल्शियमचा प्रश्न तू आणलास, तो तू घेऊन जा.